मांजराच्या आंघोळीचे वार

मांजराला आंघोळ घालायची असेल तर बाथरूमचं दार आधी लावायचं आणि मगाला हात नंतर घालायचा. हा क्रम एकदा उलटा झाला, तेव्हा आमचं मांजर ओल्या अंगानं माझ्या उघड्या कपाटात जाऊन बसलं आणि इस्त्री करून ठेवलेल्या कपड्यांचं पोतेरं झालं. पाणी आपल्याला कोमट वाटतं त्याहून किंचित गरम हवं. बादली आधीच भरून ठेवायची, कारण मांजर पाण्याइतकंच नळाच्या आवाजालाही भितं. कानात कापसाचे बोळे घालायचे. डोक्यावर पाणी ओतायचं नाही, तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं. हे सगळं मला बाबांनी शिकवलं. बाबांना ते कोणीच शिकवलं नव्हतं, कारण तोवरच्या आयुष्यात त्यांनी कधी मांजराला हातसुद्धा लावला नव्हता.

मांजर मी आणलं होतं. तेव्हा मी नुकती सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागले होते. कंपनीची इमारत अर्धी वापरात आणि अर्धी बांधकामात अशी होती. फाटकाजवळच्या वाळूच्या ढिगात हे पिल्लू सापडलं. पांढरंशुभ्र, फक्त शेपटी राखाडी. डब्याच्या पिशवीत घालून बसमधून घरी आणलं. कोणाला विचारलं नाही. पगार सुरू झाला की माणसाला असा आगाऊपणा सुचतो.

बाबा त्याच सुमारास निवृत्त झाले होते. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, तिची अजून पाच वर्षं बाकी होती. सरकारी क्वार्टर सोडून आम्ही कोथरूडला सोसायटीत फ्लॅट घेतला होता, तिसऱ्या मजल्यावर. आम्ही बौद्ध. त्या तीन मजल्यांच्या इमारतीत आमचं एकच घर तसं होतं. आम्हाला कोणी काही बोललं असं मला आठवत नाही. दारावर आडनावाची पाटी होती, आणि एवढ्यावर लोकांना हवं ते समजायचं. त्यापुढे सगळे अगदी सभ्य होते. जिन्यात भेटले की हसायचे. आत मात्र कोणी येत नव्हतं.

बाबांनी या सभ्यपणाला स्वच्छतेनं उत्तर द्यायचं ठरवलं होतं. आमच्या दारापुढची फरशी ते सकाळ-संध्याकाळ स्वतः पुसायचे, आणि पुसता पुसता समोरच्या काकूंच्या दारापुढचीही. चपला बाहेर दिसता कामा नयेत. मासे आणले तर खिडक्या लावून करायचे आणि नंतर तासभर उदबत्ती. मला या सगळ्याचा मनस्वी राग यायचा. "बाबा, महापालिकेचं बक्षीस मिळणार आहे का आपल्याला?" असं मी विचारायची. ते हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत, फडकं पिळायला आत जायचे.

पिशवीतून मांजर बाहेर काढलं तेव्हा ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पांढरं कशाला आणलंस? मळ दिसतो त्याच्यावर."

ठेवू नकोस असं मात्र ते म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका जुन्या घमेल्यात वाळू आणली. तेव्हा कोथरूडमध्ये जिकडे बघावं तिकडे बांधकाम चालू होतं, वाळूला तोटा नव्हता. वाळू ते चाळायचे, उन्हात तापवायचे आणि दिवसातून तीनदा साफ करायचे. मांजरही तसंच निघालं. वाळू उकरून, नीट झाकून, वर पुन्हा वास घेऊन खात्री करायचं. खाणं झालं की खिडकीत बसून अर्धा तास स्वतःला चाटायचं. पंजा ओला करायचा, कानामागून फिरवायचा, पुन्हा ओला करायचा. बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून ते बघत बसायचे. "शिस्त आहे गड्याला," असं एकदा त्यांनी आईला कौतुकानं सांगितलेलं मी ऐकलं. त्या थंडीत आमचं घर खरंच हलकं झालं होतं. निवृत्त माणसाला घरात बोलायला कोणीतरी मिळालं होतं.

मार्चमध्ये काकूंनी गच्चीवर कुरडया घातल्या. काकू म्हणजे समोरच्या दारातल्या, साठीच्या, एकट्या राहायच्या. मुलगा अमेरिकेत होता. जीभ तिखट, पण ती सगळ्यांना सारखीच. त्या दिवशी आमचं दार उघडं राहिलं आणि मांजर गच्चीवर गेलं. ओल्या कुरडयांवरून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आलं होतं. पंजे उमटलेले स्पष्ट दिसत होते आणि केसही चिकटले होते. काकू दारात येऊन म्हणाल्या, "तुमच्या मांजरानं माझ्या कुरडया तपासून पाहिल्या. नापास केल्या बहुतेक. सगळ्या टाकाव्या लागणार आता."

एवढंच. त्या मांजराबद्दल बोलत होत्या, आणि त्यांच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते. पण बाबांचा चेहरा उतरला. "आम्ही घालून देतो, आमच्याकडे करते ही," असं ते आईकडे हात करून म्हणाले. काकू म्हणाल्या, "छे हो, तुम्ही कशाला. मी घालीन माझ्या माझ्या." आणि दार लावून घेतलं.

त्या रविवारी पहिली आंघोळ झाली. बाबांनी लहान मुलांचा शाम्पू आणला होता. मी मांजराला मानेमागं धरलं, बाबांनी पाणी घातलं. भिजल्यावर मांजर केवढंसं उरतं ते मला तेव्हा कळलं. ते ओरडत नव्हतं, घशातून एक बारीक आवाज सतत काढत होतं आणि बाबांच्या मनगटाला नखांनी लटकलं होतं. बाबांनी हात सोडवून घेतला नाही. साबण राहू नये म्हणून तीन वेळा धुतलं, पंच्यात गुंडाळलं, माझ्या केसांच्या ड्रायरनं लांबून सुकवलं. मग त्यांनी मांजर नाकाशी नेऊन वास घेतला. "आता कोणाची बोलायची बिशाद नाही," असं म्हणाले.

पुढचा रविवारही झाला. मग बुधवार वाढला. मग बाबांनी कॅलेंडरवर त्या दोन्ही वारांना पेन्सिलीनं लहान खुणा करायला सुरुवात केली. मी कामावर असले की ते एकटेच घालायचे. उन्हाळा होता तरी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून बाहेर पडायचे, कारण दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले असायचे. मांजराला वार कळायला लागले. रविवारी सकाळी ते पलंगाखाली भिंतीला चिकटून बसायचं आणि बाबा झाडूच्या दांड्यानं त्याला हळूच बाहेर काढायचे. खिडकीत बसून स्वतःला चाटणंही पुढे पुढे बदललं. आधी ते निवांत चालायचं. आता घाईघाईत, एकाच जागी, दात लावून.

महिन्याभरात त्याच्या पाठीवर कोंडा धरला. मानेखाली आणि शेपटीच्या मुळाशी केस जाऊन लालसर चट्टे दिसायला लागले. मी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी किती वेळा आंघोळ घालता असं विचारलं. मी सांगितलं, तर ते चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, "मांजर आहे हे. दिवसभर तेच तर करतं. तुम्ही त्याच्या अंगचं तेल काढून टाकताय. पाणी पूर्ण बंद करा. विंचरायचं असेल तर विंचरा."

घरी येऊन मी ते जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं.

"डॉक्टर आपल्या मजल्यावर राहत नाहीत," ते म्हणाले.

मग मी नको ते बोलले. त्या दिवसांत माझी अशी समजूत होती की जग आमच्या कंपनीसारखंच झालंय. तिथं कोणी आडनाव विचारत नव्हतं, कॉलेज विचारायचे. बाजूला बसणारी मुलगी माझ्या डब्यातलं खायची. त्या जोरावर मी बाबांना म्हटलं, "कोणाला दाखवायचंय तुम्हाला? कोणी बघत नाहीये आपल्याकडे. हा सगळा तुमच्या डोक्यातला मळ आहे, तो धुवा आधी." आई भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. बाबा शांतपणे म्हणाले, "बदललं असेल जग. चांगलंच आहे. पण तू सकाळी जातेस आणि रात्री येतेस. दिवसभर या दारात मी असतो."

एवढं झाल्यावर त्यांनी बुधवार सोडला, रविवार ठेवला. मला तो माझा विजय वाटला.

बुद्धपौर्णिमेला मजल्यावरच्या लोकांना खिरीला बोलवायचं, ही कल्पनाही माझीच. दरवर्षी आम्ही तिघं खीर करून खायचो आणि नातेवाइकांकडे द्यायचो. मी म्हटलं, यंदा बोलवू या, आपण बोलावत नाही म्हणून कोणी येत नाही. तिसऱ्या दिवशी बाबा स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून तिन्ही दारांवर स्वतः जाऊन आमंत्रण देऊन आले. काकूंना द्यायला सर्वांत शेवटी गेले. परत येऊन म्हणाले, "येते म्हणाल्या. सहा वाजता." आणि पंखा लावून त्याखाली बसून राहिले. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं होतं.

पुढचे आठ दिवस घर धुण्यात गेले. पडदे, पंख्याची पाती, गॅलरीचे गज. बाबांना एकच काळजी उरली होती. मांजराच्या अंगावरचे चट्टे. लोक येणार, मांजर समोर येणार, आणि घरात रोगट जनावर पाळलंय असं कोणाच्या मनात येणार. मी म्हटलं, त्या संध्याकाळी माझ्या खोलीत कोंडू त्याला. ते हो म्हणाले.

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही तिघांनी पांढरे कपडे घालून वंदना घेतली, पंचशील म्हटलं. मी अर्ध्या दिवसासाठी कामावर गेले. साडेबाराला आईचा फोन आला. मांजर लाळ गाळतंय, पाय थरथरताहेत, लवकर ये.

मी घरी पोचले तेव्हा घरभर वेलदोड्याचा आणि दुधाचा वास होता. बाथरूमच्या ओल्या फरशीवर बाबा पांढऱ्या कपड्यांतच मांडी घालून बसले होते. मांडीवर पंच्यात गुंडाळलेलं मांजर होतं. त्याचे डोळे उघडे होते पण ते कोणाकडे बघत नव्हते. मधूनच त्याचं सगळं अंग ताठ व्हायचं. जवळ गेल्यावर मला दुसरा वास आला. कापराचा.

"काय लावलंत?"

"खोबरेल तेलात कापूर. चट्ट्यांना. खाज थांबते त्यानं." मग पंचा सारखा करत, "आंघोळ नाही घातली. तू म्हणाली होतीस म्हणून."

स्कूटरवर मागे बाबा बसले, पिशवीत मांजर. डॉक्टरांचा दवाखाना पाचला उघडायचा. ते दवाखान्याच्या वरच राहत, आम्ही त्यांना जेवणानंतरच्या झोपेतून उठवलं. त्यांनी एकदा वास घेतला आणि त्यांना सगळं समजलं. कापूर मांजराला विष असतो. कातडीतूनही भिनतो, आणि मांजर तर अंगाला लागलेलं सगळं चाटून साफ करतं. त्यानं ते इमानेइतबारे चाटलं होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, अंगावरचं तेल धुऊन काढायला घेतलं. म्हणजे त्याला त्या दिवशीही आंघोळ झालीच, आणि या वेळी त्यानं कोणाला नखं लावली नाहीत.

धुता धुता डॉक्टर चिडून म्हणाले, "एवढं काय चकाचक करायचं असतं हो मांजराला? कोणी हाकलून देणार होतं का?"

मग त्यांनी आम्हाला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. तिथं बराच वेळ गेल्यावर, भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडे बघत, बाबा बोलायला लागले. त्यांच्या लहानपणी, गावी, शाळेत जाण्याआधी त्यांची आई त्यांना नदीवर नेऊन खापरीनं घासायची. गुडघे, कोपरं, मान, रक्त येईपर्यंत. अंगावर मळ दिसला तर गुरुजी दारातूनच परत पाठवायचे. मळ दिसला नाही तरी कधी कधी पाठवायचे, मग ती दुसऱ्या दिवशी आणखी जोरात घासायची. सोललेल्या जागी खोबरेल तेलात कापूर खलून लावायची. गार वाटायचं. "मला त्यानं बरं वाटायचं," बाबा म्हणाले. "म्हणून लावलं."

मी त्यांचा हात धरायला हवा होता. मला ते सुचलं नाही. मला त्यांचा राग आला होता, त्या गुरुजींचा आला होता, कधी न पाहिलेल्या माझ्या आजीचासुद्धा आला होता. आणि महिन्यापूर्वी त्यांना मी काय धुवायला सांगितलं होतं, ते आठवून मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. मी तशीच बसून राहिले. साडेपाचच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले आणि मान हलवून आत गेले. मांजर आम्ही त्यांच्याकडेच ठेवलं. दवाखान्यामागे थोडी मोकळी जागा होती, तिथं पुरतो म्हणाले. बाबांनी पंचा परत मागितला नाही.

घरी पोचायला सात वाजले. जिन्यातच आमच्या घरातून बोलण्याचे आवाज ऐकू आले. हॉलमध्ये पाहुणे होते. तीन घरांपैकी दोन घरं आली होती. एक जोडपं निघायच्या बेतात होतं, आणि काकू सोफ्यावर मांडी घालून, हातात वाटी घेऊन बसल्या होत्या. आईनं एकटीनं सगळं निभावलं होतं. तिनं माझ्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"या, यजमान आले," काकू म्हणाल्या. "आमंत्रण देऊन स्वतः फिरायला जायची पद्धत छान आहे तुमच्याकडे. दुसरी वाटी चालू आहे माझी." मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "आमचे परीक्षक कुठे दिसत नाहीत ते?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तेलाचा मोठा डाग होता. त्यांनी त्याच्यावर हात धरला होता.

"दिलं एकाला," बाबा म्हणाले. "घरात फार घाण करायचं."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलंच खोटं. ज्या मांजरानं आयुष्यात एकदाही वाळूबाहेर पाऊल चुकवलं नव्हतं, त्याच्याबद्दल. मला ओरडून खरं सांगावंसं वाटलं. पण खरं सांगायचं म्हणजे खिरीच्या वाट्या हातात असलेल्या त्या माणसांसमोर काय काय सांगावं लागलं असतं, त्याची सुरुवात कुठून करायची, हे मला कळेना. मी गप्प राहिले. हे मी त्यांच्यासाठी केलं की माझ्यासाठी, ते मला अजूनही सांगता येत नाही.

काकू चमचा वाटीत ठेवून म्हणाल्या, "घाण? काहीतरीच काय. इतकं स्वच्छ मांजर मी जन्मात पाहिलं नव्हतं. मुलाला पत्रातसुद्धा लिहिलं होतं मी."

बाबा उभेच होते. त्यांनी काकूंकडे असं पाहिलं की मी मान फिरवली.

"खरंच स्वच्छ दिसायचं?" त्यांनी विचारलं.

"दिसायचं म्हणजे? होतंच," काकू म्हणाल्या, आणि वाटी आईपुढे केली.

बाबांनी डागावरचा हात तसाच ठेवून मान डोलावली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या वाटीत खीर वाढली, आणि गोड बरोबर झालंय का असं विचारलं.